पत्ता पाकिटावर हवा

बबिना ते कानपूर हे अंतर जवळपास अडीचशे किलोमीटर. झाशी, पारीछा, चिरगाव, मोठ, उरई, काल्पी, मग यमुना ओलांडून कानपूर. २००८ ते २०१० या काळात मी हा रस्ता महिन्यातून दोनदा तरी कापला असेन. युनिट बबिन्याला, आणि मुलांच्या शाळेपायी कुटुंब कानपूरच्या छावणीत. ज्यांनी बबिन्याच्या रेंजवर धूळ खाल्ली आहे त्यांना शनिवारी दुपारी गाडी काढतानाचा आनंद सांगायला नको. रस्त्याच्या चौपदरीकरणाचं काम तेव्हा चालू होतं. कुठे गुळगुळीत डांबर, तर कुठे एकदम डायव्हर्शन आणि पुढे ट्रकांची रांग. राणी लक्ष्मीबाई १८५८च्या एप्रिलमध्ये झाशीहून काल्पीला घोड्यावरून गेल्या, तेव्हा मागे इंग्रजांचं घोडदळ होतं. आपण गाडीत बसून कंबर दुखते म्हणायचं म्हणजे जरा लाजच वाटते.

झाशी मागे पडली की एफएम खरखरायला लागे. उरलेला सगळा रस्ता डिस्कवर. गाडीतल्या प्लेअरला सीडीची फट होती आणि एका ओळीची निळी पट्टी होती, एका वेळी बारा अक्षरं दाखवणारी. नाव मोठं असलं की अक्षरं डावीकडे सरकत जायची. दुकानातून आणलेली एखादी विलायती सीडी घातली की गाण्याचं, गायकाचं नाव त्या पट्टीवर झळकायचं. घरी राईट केलेली डिस्क घातली की फक्त 'ट्रॅक ०१', 'ट्रॅक ०२'. मला त्याचं काही वाटत नव्हतं. गाणं ऐकायचं असतं, वाचायचं नसतं, असं माझं मत.

हे मत नानांमुळे बदललं.

नाना म्हणजे माझे वडील. सगळी नोकरी आरएमएसमध्ये, रेल्वे मेल सर्व्हिसमध्ये, मिरजेला सॉर्टर म्हणून गेली. धावत्या गाडीच्या डब्यात उभं राहून पाकिटं खणांत टाकायची, ती पिन कोड यायच्या आधीपासून. (पिन आला १९७२च्या १५ ऑगस्टला; ही तारीख आमच्या घरात वाढदिवसासारखी पाठ आहे.) देशातली हजारो गावं आणि त्यांचे जिल्हे त्यांच्या डोक्यात होते. दुसरा नाद गाण्यांचा. घरी सव्वाशेच्या वर कॅसेट. प्रत्येक कॅसेटच्या कागदावर त्यांच्या बारीक, सरळ अक्षरात तीन रकाने: कवी, संगीतकार, गायक. आकाशवाणीवर गाण्याआधी ही तिन्ही नावं सांगतात, तसंच. गायकाचं नाव लिहून कवीचं सोडणं म्हणजे त्यांच्या लेखी पत्त्यावर गल्ली लिहून गाव विसरणं.

२००८च्या दिवाळीनंतर नानांना अर्धांगाचा हलका झटका आला. हात आठवड्यात सुधारला, बोलणं महिन्याभरात आलं. नावं मात्र आली नाहीत. माणूस समोर उभा असला तर तो कोण, कुठला, त्याच्या मुलीचं लग्न कुठे झालं, सगळं ठाऊक; नाव मात्र ओठांवर येईना. डॉक्टरांनी समजावलं की वस्तू हरवलेली नाही, तिच्यावरची चिठ्ठी हरवली आहे. वाचायला दिलं तर ते नीट वाचत होते. एकदा वाचलेलं नाव मग दोन-चार दिवस टिकायचं. डॉक्टर म्हणाले, वाचत राहू द्या, मोठ्याने म्हणू द्या.

त्या हिवाळ्यात आई-नाना आमच्याकडे आले. आई कानपूरला नातवंडांत रमली. नानांना तिथल्या दोन खोल्यांत कोंडल्यासारखं व्हायचं, म्हणून ते माझ्याबरोबर बबिन्याला राहायचे आणि शनिवार-रविवारी माझ्या शेजारच्या सीटवर बसून कानपूरला यायचे. गाडीत जुनं गाणं लागलं की मान डोलायची, बोटं मांडीवर ठेका धरायची. पुढे गायकाचं नाव सांगायला तोंड उघडायचे आणि थांबायचे. ते थांबणं मला गाडी चालवताना कडेच्या नजरेने दिसायचं. मग ते पट्टीकडे बघायचे. पट्टी सांगायची, 'ट्रॅक ०७'.

एके दिवशी म्हणाले, "अरे, याला नाव नाही का?"

तेव्हापासून मी या कामाला लागलो. आता खरं तंत्र सांगतो, कारण जुन्या गाड्या अजून वापरणारे आपल्यात पुष्कळ आहेत आणि त्यांतल्या अनेकांच्या कपाटात अशा बिननावाच्या डिस्क पडून असतील.

पहिली गोष्ट म्हणजे डिस्क दोन जातींच्या असतात. एक ऑडिओ सीडी, जिच्यात ८० मिनिटांच्या आसपास गाणी मावतात आणि जी कुठल्याही प्लेअरवर वाजते. दुसरी एमपी-थ्री फायलींची डेटा डिस्क, जिच्यात त्याच ७०० एमबीमध्ये दहा-अकरा तास मावतात. दोन्हींत नाव लिहायची जागा वेगळी, रीत वेगळी. एकीची रीत दुसरीला लावून उपयोग नाही.

ऑडिओ सीडीचं मूळ मानक १९८० सालचं. त्यात गाण्याच्या नावाला जागाच ठेवलेली नव्हती. तबकडी, अनुक्रमांक आणि वेळ, बस्स. मग संगणकात सीडी घातली की नावं दिसतात ती कुठून? हे मला आमच्याच एका हवालदाराने सांगितलं. सिग्नलचा माणूस, तमिळ, आणि हिंदीचं व्याकरण त्याने कायमचं रजेवर पाठवलेलं. म्हणाला, "साब, नाम डिस्क में नहीं है। नाम नेट में है।" संगणक डिस्कवरच्या गाण्यांची संख्या आणि लांबी मोजतो, तेवढ्या खुणेवरून इंटरनेटवरच्या मोठ्या यादीत शोधतो आणि सापडलेली नावं पडद्यावर मांडतो. गाडी इंटरनेटला जोडलेली नाही, म्हणून तिला काही कळत नाही. घरी जुळवलेली डिस्क तर त्या यादीत नसतेच.

हे मी नानांना सांगितलं. त्यांना क्षणभरही समजायला लागलं नाही. "म्हणजे पाकिटावर पत्ता नाही. पोस्टात जाऊन विचारा, असं म्हणून कोणी पत्र टाकतं का? पत्ता पाकिटावर हवा."

पाकिटावर पत्ता लिहायची सोय १९९६मध्ये आली. तिचं नाव सीडी-टेक्स्ट. डिस्कच्या अगदी आतल्या कडेला, गाणी सुरू होण्याआधी, एक पट्टा असतो. प्लेअर डिस्क घेतल्यावर पहिल्यांदा तोच वाचतो. त्या पट्ट्यात साधारण पाच हजार अक्षरं मावतात. मात्र तो पट्टा गाण्यांबरोबर एकाच दमात लिहावा लागतो, म्हणून राईट करताना 'डिस्क-अ‍ॅट-वन्स' निवडायचं. एकेक गाणं सुटं लिहिलं तर नावं जात नाहीत. शिवाय सॉफ्टवेअरमध्ये सीडी-टेक्स्टच्या चौकटीत खूण करावी लागते. नीरोमध्ये ती आहे, आयट्यून्समध्येही २००६पासून आहे. राईट करणाऱ्या ड्राईव्हला ही विद्या यायला हवी आणि गाडीच्या प्लेअरला वाचता यायला हवी. चौघांतला एक जरी कच्चा निघाला तरी पुन्हा 'ट्रॅक ०१'.

इथे मला एक सुखद धक्का बसला. सीडी-टेक्स्टमध्ये गाण्याचं नाव, गायक, गीतकार, संगीतकार, संयोजक या सगळ्यांना स्वतंत्र खाने आहेत. नानांचे तिन्ही रकाने, जसेच्या तसे! मानक बनवणाऱ्यांपैकी कोणीतरी पुणे केंद्र ऐकत असावं, असं मी गमतीने म्हटलं. पुढचा धक्का मात्र तितका सुखद नव्हता. खाने आहेत, पण बहुतेक गाड्यांचे प्लेअर दोनच दाखवतात, गाण्याचं नाव आणि गायक. कवी आणि संगीतकार डिस्कवर लिहिलेले असूनही पट्टीवर येत नाहीत.

भाषेचं आणखी विचित्र. कोणत्या भाषेत मजकूर आहे हे सांगायला सीडी-टेक्स्टमध्ये भाषांची सांकेतिक यादी आहे, आणि त्या यादीत हिंदी, बंगाली, तमिळबरोबर मराठीही आहे. एका डिस्कवर आठ भाषा लिहिता येतात. पण अक्षरांची सोय पाहिली तर रोमन लिपी आणि जपानी. देवनागरी नाही. म्हणजे मजकूर मराठीत आहे असं तुम्ही डिस्कला अधिकृतपणे कळवू शकता, फक्त तो मराठीत लिहू शकत नाही. असं फर्मान कुठल्या हेडक्वार्टरमधून निघालं असतं तर आपण हसलो असतो.

मग रोमन. आणि रोमन म्हटलं की ळ, ण आणि ऱ्हस्व-दीर्घ यांची वाताहत. के-ए-एल एवढी तीन अक्षरं लिहिली तर वाचणारा कल, कळ, काल, काळ यांतलं काहीही वाचू शकतो. नानांनी पोस्टात आयुष्यभर इंग्रजी पत्ते वाचले होते, त्यामुळे त्यांचं अडलं नाही, पण चिडचिड झाली. दीर्घ आ दोनदा ए लिहून दाखवायचा, ळ साठी मोठा एल, असं आम्ही दोघांनी ठरवलं. कुठल्या विद्यापीठाला पटणार नाही, पण आमच्या गाडीत चाललं.

कवीचा प्रश्न नानांनीच सोडवला. "गायकाचा आवाज येतोच की. त्याला ओळखायला पाटी कशाला? जो दिसत नाही, ऐकू येत नाही, त्याचं नाव लिही." म्हणून आमच्या डिस्कवर गायकाच्या खान्यात आधी कवी, मग संगीतकार, आणि जागा उरली तरच गायक. नियमाला धरून नाही हे मान्य. पण आजही कोणी विचारलं तर मी हेच करायला सांगेन. मराठी भावगीतात तरी पहिला हक्क कवीचा आहे.

कॅसेटवरून संगणकात उतरवणं हे वेळखाऊ काम. टेपच्या हेडफोनच्या भोकातून वायर लॅपटॉपला, ऑडॅसिटी चालू, आणि तासाची कॅसेट तासभरच घेते. फौजी घाई तिथे चालत नाही. संध्याकाळी मी मेसला जायचो आणि नाना कानाला हेडफोन लावून गाणं कुठे संपलं याच्या वेळा वहीत टिपायचे. समोर कॅसेटचा कागद असायचा. प्रत्येक गाण्याआधी तिन्ही नावं मोठ्याने वाचायची, हा त्यांचा शिरस्ता. माझ्या सहायकाला त्या हिवाळ्यात मराठी संगीतकारांची जेवढी नावं पाठ झाली तेवढी पुण्यातल्या मुलांना नसतील.

गीतरामायणाची गोष्ट वेगळी. गदिमांचे शब्द, सुधीर फडक्यांचं संगीत, ५६ गाणी. १९५५च्या रामनवमीपासून वर्षभर, दर आठवड्याला एक, पुणे आकाशवाणीवरून. मूळ प्रसारणात माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे असे वेगवेगळे गायक होते. पुढे बाबूजींनी सगळी एकट्याने गायली. एवढी गाणी ऑडिओ सीडीवर बसवायची तर पाच-सहा डिस्क लागतात आणि गाडी चालवताना बदलत बसावं लागतं. त्यामुळे ही एमपी-थ्रीवर.

एमपी-थ्रीमध्ये नाव फायलीच्या पोटातच असतं. जुन्या पद्धतीत फायलीच्या शेवटी १२८ बाइट्सची एक चिठ्ठी चिकटवलेली असते. त्यात गाण्याच्या नावाला ३० अक्षरं, कलाकाराला ३०, अल्बमला ३०. मराठी गाण्याला वेगळं नाव नसतं, पहिली ओळ हेच नाव. ती रोमनमध्ये ३० अक्षरांत बसवायची म्हणजे अर्धी ओळ तोडावीच लागते. नव्या पद्धतीत ही मर्यादा नाही, युनिकोड चालतं, म्हणजे देवनागरीही लिहिता येते. लिहून पाहिली. लॅपटॉपवर छान दिसली. गाडीच्या पट्टीवर ओळीने चौकोन आले, परेडला उभे केल्यासारखे. म्हणून दोन्ही चिठ्ठ्या ठेवायच्या, जुनी आणि नवी, आणि गाडीसाठी रोमनच.

खरी गंमत क्रमाची. माझ्या एका कोर्समेटने गीतरामायणाची डिस्क भरून दिली होती. फायलींना १, २, ३ असे आकडे दिलेले. असे प्लेअर आकडे आकडा म्हणून वाचत नाहीत, अक्षर म्हणून वाचतात. मग एकनंतर येतो दहा, अकरा, बारा, एकोणीसनंतर दोन, आणि ५६नंतर सहा. रामजन्माचं गाणं सहावं आहे. म्हणजे सीतास्वयंवर झालं, वनवास झाला, रावण पडला, राम परत आला, कुश-लवही झाले, आणि मोठ ओलांडून गाडी उरईला लागता लागता राम जन्मला. नाना इतके हसले की गाडी बाजूला घ्यावी लागली. झटक्यानंतर त्यांना तसं हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं. उपाय सोपा आहे: ०१, ०२, ०३ असं शून्य लावायचं. फौजेत पहाटेची वेळ शून्याने सुरू होते, तेव्हा आपल्या लोकांना हे लक्षात ठेवणं कठीण नाही.

बाकी किरकोळ. पुन्हा पुन्हा लिहिता येणाऱ्या डिस्क गाडीसाठी घेऊ नका, त्यांचा पृष्ठभाग प्रकाश कमी परतवतो आणि जुने प्लेअर त्या नाकारतात. डिस्क शेवटी बंद करा, म्हणजे फायनलाइझ करा. वरून कागदी लेबल चिकटवू नका. बबिन्याच्या मे महिन्यात गोंद सुटतो आणि डिस्क फटीत अडकते. बॉलपेनने तर मुळीच लिहू नका. सीडीचा नाजूक थर खाली नसतो, लिहायच्या बाजूला, अगदी वरच्या पापुद्र्याखाली असतो.

आता चिरगाव. झाशीपासून तीसेक किलोमीटरवर आमचा चहाचा थांबा तिथे असायचा. पहिल्यांदा थांबलो तेव्हा नाना मैलाच्या दगडाकडे बघत राहिले. देवनागरीत लिहिलेलं होतं, चिरगाँव, चंद्रबिंदूसकट. मला वाटलं, सॉर्टरच्या सवयीने जिल्हा आठवत असतील. चहा येईपर्यंत गप्प होते. मग एकेक शब्द जपून ठेवल्यासारखा बाहेर काढत म्हणाले, "साहित्य सदन. चिरगाँव. झाँसी."

मला काही बोध होईना.

"पुस्तक. आतलं पहिलं पान. खाली छापलेलं असायचं." आणि मग, समोर ना पट्टी ना कागद, "मैथिलीशरण गुप्त."

तरुणपणी नानांनी राष्ट्रभाषेच्या परीक्षा दिल्या होत्या. त्या पिढीतले कितीतरी मराठी लोक द्यायचे. 'साकेत' तेव्हा वाचलं होतं. गुप्तजी याच गावचे, १८८६चा जन्म, आणि त्यांची पुस्तकं निघायची ती त्यांच्या याच गावातल्या साहित्य सदनमधून. दिल्ली नाही, अलाहाबाद नाही. कवीचं गाव पुस्तकाच्या पानावर छापलेलं, कंसात जिल्हा घालून. मिरजेच्या एका सॉर्टरने ते पन्नासेक वर्षांपूर्वी वाचलं आणि मेंदूला इजा झाल्यावरही ते तिथेच राहिलं. मी आनंदाच्या भरात चहावाल्याला विचारलं, मैथिलीशरणजींचं गाव हेच ना? तो किटली खाली न ठेवता म्हणाला, "दद्दा का ही गाँव है, साहब।"

पुढे उरईपर्यंत नाना 'साकेत'वर बोलत होते. ते रामकथेवरचं काव्य, पण त्यात मन गुंतलंय ते ऊर्मिलेत, लक्ष्मण चौदा वर्षं वनात असताना अयोध्येत मागे राहिलेल्या त्याच्या बायकोत. "आणि आपल्या छप्पन्न गाण्यांत तिचं एकही गाणं नाही," नाना म्हणाले. खरंच नाही. मी मनातल्या मनात यादी फिरवली. लक्ष्मण आहे, भरत आहे, शबरी, जटायू, शूर्पणखासुद्धा आहे. ऊर्मिला नाही. गाडी कानपूरच्या दिशेने चाललेली. तिथे बायको दर दुसऱ्या शनिवारी फाटक उघडायला उभी असायची, हे मला त्या वेळी जरा टोचलं. त्याबद्दल मी तिला काही बोललो नाही. आपल्याकडे अशा गोष्टी बोलत नाहीत.

नानांची सगळी नावं परत आली असं नाही. काही आली, काही दर वेळी नव्याने वाचावी लागली. त्या हिवाळ्यात आम्ही ४१ डिस्क भरल्या. गाडी २०१४ला विकली, तेव्हा प्लेअर काढून ठेवला. नवीन गाडीत सीडीची फटच नाही. फोन जोडला की गाण्याचं नाव पडद्यावर येतं, देवनागरीतही येतं, आणि कलाकाराच्या जागी अजून एकटा गायकच येतो.

जुना प्लेअर आता मिरजेला माजघरात आहे, बारा व्होल्टच्या अ‍ॅडॉप्टरवर. निळी पट्टी फिकट झाली आहे, पहिली दोन अक्षरं दिसत नाहीत. नाना सकाळी चहानंतर एक डिस्क लावतात. पट्टीवर अक्षरं सरकायला लागायच्या आत कवीचं नाव म्हणायचं, असा त्यांचा आईशी डाव असतो. हिशेब आई कॅलेंडरवर पेन्सिलीने ठेवते. परवा फोनवर म्हणाली, या महिन्यात ते सतरा-नऊने पुढे आहेत, पण मधे मधे ओठ हलताना दिसतात, बहुतेक डिस्कचा नंबर बघून पाठ केलंय.